उत्तर जुळले म्हणजे चिप कळली असे नाही

जुना गेम संगणकावर चालला, चित्र हलले, आवाज आला, की काम झाले. कॅसेटमधल्या चिपच्या खोलात जायचे कारण नाही, असे अनेक जाणकारही म्हणतात. मला हे मान्य नाही.

आधी त्यांची बाजू पाहू. सुपर निन्टेन्डो या गेमयंत्राचा मुख्य प्रोसेसर जास्तीत जास्त 3.58 मेगाहर्ट्‌झने चाले. कुळेहून कॅसलरॉकला येताना 1:37 चा घाट चढण्यासाठी गाडीला बँकर इंजिने लावतात, तशा काही कॅसेटमध्येच मदतनीस चिप बसवल्या गेल्या. 1990 च्या 'पायलटविंग्ज' या गेममध्ये डीएसपी-1 होती, 1993 च्या 'स्टार फॉक्स'मध्ये सुपर एफएक्स. डीएसपी-1 चा प्रोग्रॅम तिच्या पोटात बंद होता. म्हणून एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची संगणकावर नक्कल करणारे प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांनी कोणत्या आकड्याला ती कोणते उत्तर देते हे तपासून तिचे गणित नव्याने लिहिले. त्यामुळे दुबळ्या संगणकांवरही हे गेम चालले. ते श्रेय त्यांचेच.

पण तेवढ्यावर थांबणे चूक आहे, आणि पुरावा 'पायलटविंग्ज'चाच आहे. पुढे आलेल्या डीएसपी-1बी चिपमध्ये गणितातला एक दोष दुरुस्त झाला. ती चिप असलेल्या कॅसेटवर गेमच्या प्रात्यक्षिकातले विमान उतरण्याऐवजी कोसळते. कारण प्रात्यक्षिकासाठी नोंदवलेली बटणे जुन्या चिपच्या दोषावर बेतलेली होती. हिशेब सुधारला आणि खेळ बिघडला. अधिकृत चिपने ही गत झाली, तर अंदाजाने लिहिलेल्या गणितावर भिस्त कशी ठेवायची?

खरा मार्ग 2010 च्या सुमारास दिसला. आम्लाने चिपचे कवच काढून, सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेऊन तिच्यातला मूळ प्रोग्रॅम वाचला गेला आणि 'बीस्नेस' एम्युलेटरने तोच चालवला. हे संगणकाला जड जाते, हा आक्षेपही आता टिकत नाही. आजचा साधा लॅपटॉप तो भार सहज पेलतो.

'शेवटी गेमच ना?' असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे: त्या चिपमध्ये अभियंत्यांनी अपुऱ्या साधनांवर केलेली मात आहे. तिचा अभ्यास मूळ प्रोग्रॅमवरूनच होऊ शकतो.

नव्वदच्या दशकात आपल्या घरांत आलेल्या नकली कॅसेटमध्येही काळ्या राळेखाली अशाच अनेक चिप दडल्या आहेत. बेळगाव-गोव्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांनी त्या भंगारात जाण्याआधी मिळवाव्यात, वाचाव्यात आणि त्यांची नोंद करावी.