काय दिवे लावले?

घरी फोन केला की बाबांचा एक ठरलेला प्रश्न असतो, "एवढी पीएचडी करून तिकडे काय दिवे लावतोस रे?" मी खरं तेच सांगतो, "बाबा, दिवेच लावतो!" त्यांना अजूनही ती थट्टा वाटते.

पण मंडळी, माझं काम खरोखरच ते आहे. मूलकण टिपणाऱ्या डिटेक्टरमध्ये अगदी क्षणभर प्रकाश सोडायचा आणि तो यंत्राला किती दिसला ते तपासायचं. त्यासाठी लागणारी सर्किट्स मी बनवतो. हा उद्योग कशासाठी, ते सर्नच्या उदाहरणावरून सांगतो.

जिनिव्हाजवळ सर्नच्या सीएमएस डिटेक्टरमध्ये लेड टंगस्टेटचे ७५,८४८ स्फटिक बसवले. फोटॉन आत शिरला की स्फटिक चमकतो आणि किती चमकला यावरून फोटॉनची ऊर्जा कळते. गोम अशी, की किरणोत्सर्गाच्या माऱ्याने स्फटिकाची पारदर्शकता कमी होते आणि मारा थांबला की थोडीफार परत येते. म्हणजे तेवढ्याच ऊर्जेचा फोटॉन सकाळी एक आकडा दाखवणार आणि संध्याकाळी दुसरा!

यावर उपाय म्हणजे निळा लेसर. प्रोटॉनना सर्नच्या बोगद्यात एक फेरी मारायला सुमारे ८९ मायक्रोसेकंद लागतात. त्यांच्या रांगेत ३ मायक्रोसेकंदांची फट मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. त्या फटीत लेसर उडवायचा आणि ऑप्टिकल फायबरमधून स्फटिकांपर्यंत पोचवायचा. अशी सगळ्या स्फटिकांची एक फेरी साधारण ४० मिनिटांत होते. पण लेसरच कमीजास्त झाला तर? म्हणून त्याच प्रकाशाचा थोडा वाटा वेगळ्या फोटोडायोडवर पाडून तोही मोजायचा, आणि दोन्हींचं गुणोत्तर घ्यायचं. तपासणाऱ्याचीही तपासणी!

४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉन सापडल्याचं जाहीर झालं. सीएमएसमध्ये त्याचा एक मुख्य पुरावा होता फोटॉनच्या जोड्यांच्या आलेखात १२५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास दिसलेला एक बारीकसा उंचवटा. स्फटिकांची ही दुरुस्ती केली नसती तर तो पसरून आणखी पुसट झाला असता. पेपरांत 'देवकण' गाजला, लेसरचं नाव कुठे आलं नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार वेगळीच आहे. आपल्याकडे कॉलेजात लंबकाचं प्रॅक्टिकल आठवतंय? 'जी' ९.८ यायला हवा म्हणून रीडिंग्ज मागून भरायची. मीही भरली आहेत. ९.३ आलं तर मार्क कापले जायचे, पण ९.३ का आलं, स्टॉपवॉच चुकलं की दोरीची लांबी, हे कधीच कुणी विचारलं नाही. माझ्या मते खरे मार्क त्या 'का'ला हवेत.

कारण हिग्जचं वस्तुमान किती निघणार हे सिद्धांतानेही आधी सांगितलेलं नव्हतं. जुळवून घ्यायला उत्तरच नव्हतं. अशा वेळी आपल्या यंत्रावर सतत शंका घेत राहणं एवढंच हातात उरतं. ती सवय पंचविसाव्या वर्षी परदेशात येऊन लागण्यापेक्षा सतराव्या वर्षी गावच्या कॉलेजात लागलेली बरी, आणि त्यासाठी लेसरही लागत नाही.

असो. बाबांना पुढच्या फोनवर हे सगळं समजावून बघतो.