सर्व्हिसिंगनंतर इंजिन जाम झाले, तर भरपाई कोणी द्यायची?

समजा, इंदापूरच्या एका शेतकऱ्याने बारामतीच्या गॅरेजमध्ये गाडी सर्व्हिसिंगला टाकली. ऑइल बदलले, फिल्टर बदलला, बिल चुकते केले. परतीच्या वाटेवर भवानीनगर ओलांडले आणि ऑइलचा लाल दिवा लागला. ‘घर जवळच आहे’ म्हणून गाडी तशीच पुढे नेली. निमगाव केतकीच्या आसपास इंजिन जाम. टो करून गाडी परत आणली, तर गॅरेजचे उत्तर ठरलेले: ‘इथून निघाली तेव्हा चांगली होती, इंजिनच जुने होते.’

अशा वेळी पहिला फोन विमा एजंटला जातो. तिथे सहसा हाती काही लागत नाही. नेहमीच्या वाहन विम्यात यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. प्रश्न पुन्हा गॅरेजच्या दारात येतो आणि तो तिथेच सुटायला हवा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे घेऊन केलेल्या कामातला निष्काळजीपणा ही सेवेतील त्रुटी ठरते. कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर असो की हायवेकडेचा मेस्त्री, कायदा फरक करत नाही. चेंबरचा नट नीट आवळला नाही, जुन्या फिल्टरचे रबर चिकटून राहिले आणि त्यावरच नवा फिल्टर बसवला, चाकाचे नट ढिले राहिले, या चुका कामाच्याच आहेत. त्यातून झालेले नुकसानही भरून मागता येते.

गाडी गॅरेजमध्ये उभी असताना ठोकली गेली किंवा चोरीला गेली, तर ग्राहकाची बाजू अधिक भक्कम असते. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती स्वतःच्या वस्तूइतकी जपावी, असे १८७२ चा करार कायदाच सांगतो. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलमध्ये १९९८ मध्ये पार्किंगसाठी कर्मचाऱ्याकडे दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती. पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये हॉटेललाच जबाबदार धरले. काळजी घेतली होती हे हॉटेलने दाखवायचे, असेही सांगितले. गॅरेजच्या भिंतीवरच्या तशा पाटीला किती घाबरायचे, ते यावरून कळते.

गाडी बाहेर पडल्यानंतर मात्र चित्र उलटते. सेवेत त्रुटी होती हे तक्रारदाराने सिद्ध करायचे असते. २०२१ मध्ये एसजीएस इंडिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. त्यामुळे निमगाव केतकीला गाडी बंद पडते, तेव्हाच अर्धा खटला ठरतो. लाल दिव्यावर गाडी रेटली असेल, तर गॅरेजवाला नेमके त्यावरच बोट ठेवणार. आणि त्याचा तो मुद्दा चुकीचा नाही. दिवा लागताच इंजिन बंद करावे. रस्त्यावर सांडलेल्या ऑइलचा, चेंबरचा, किलोमीटरच्या आकड्याचा फोटो आणि व्हिडिओ काढावा. इंजिन मात्र त्याच गॅरेजला एकट्याने उघडू देऊ नये. दुसऱ्या जाणकार मेकॅनिकचा लेखी अहवाल आधी घ्यावा. ढिला नट एकदा आवळला गेला की पुरावा संपला.

तालुक्याच्या ठिकाणी अडचण कायद्यापेक्षा कागदाची आहे. ‘जीएसटी वाचवू’ म्हणून कच्च्या चिठ्ठीवर काम होते, जॉब कार्ड बनतच नाही. मग सर्व्हिसिंग झाली होती, इथपासून वाद. खरे तर जॉब कार्ड मेस्त्रीचेही रक्षण करते: आधीची गळती त्यावर लिहिली असेल, तर तिचे खापर त्याच्यावर फुटत नाही. ओळखीचा माणूस, त्याच्याकडे कागद कसा मागायचा, हा संकोच दोघांनाही महागात पडतो.

आधी लेखी नोटीस द्यावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. काही वाद तिथेच मिटतात. नाही मिटला तर पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि इथे रक्कम म्हणजे सर्व्हिसिंगचे बिल, मागितलेली भरपाई नव्हे. वकील सक्तीचा नाही. बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब; पण तक्रार ई-जागृती पोर्टलवर दाखल होते आणि अर्ज केल्यास व्हिडिओ कॉन्फरन्सवर सुनावणी मागता येते. दोन-चार हजारांच्या वादासाठी इतकी धावपळ परवडत नाही, हे खरेच. इंजिनाचा खर्च मात्र वेगळ्याच आकड्यात जातो.

भाजीपाला किंवा दूध वाहणारा पिकअपवाला विचारेल, माझी गाडी तर धंद्याची. स्वतःच्या उपजीविकेसाठी तो स्वतः ती चालवत असेल, तर कायद्याने तोही ग्राहकच. अनेक गाड्या भाड्याने फिरवणाऱ्या व्यावसायिकाला मात्र बहुधा दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा लागेल.

आणि दुरुस्तीचे दुसरे बिल भरल्याशिवाय गाडी सोडत नाही, असे गॅरेजवाला म्हणाला तर? केलेल्या कामाच्या पैशांसाठी गाडी अडवून ठेवण्याचा हक्क त्याला आहे. गाडीची गरज असेल तर पैसे ऑनलाइन भरावेत आणि ‘हे बिल मान्य नाही, हरकत राखून भरत आहे’ असा मेसेज त्याच दिवशी पाठवून ठेवावा.