परदेशी खाते, जबलपूरची सही

परदेशातील काळ्या पैशाविषयीचे विधेयक लोकसभेने ११ मे २०१५ रोजी आणि राज्यसभेने त्यानंतर दोनच दिवसांनी संमत केले, तेव्हा सदस्यांच्या डोळ्यांसमोर होते ते स्विस बँकांचे चित्र. पुण्यातील हसन अली खान याच्यावर जानेवारी २००७ मध्ये पडलेले आयकर खात्याचे छापे, त्याच्या कथित परदेशी खात्यांच्या तपासातील दिरंगाईवरून सर्वोच्च न्यायालयाने ४ जुलै २०११ रोजी ओढलेले ताशेरे, आणि जिनिव्हातील एचएसबीसी बँकेच्या खातेदारांची ६२७ नावे असलेला, २९ ऑक्टोबर २०१४ रोजी न्यायालयास सादर झालेला बंद लखोटा, ही त्या चित्राची पार्श्वभूमी होती. कायदा कठोर हवा, यावर राजकीय एकमत सहज झाले. तो कोणाच्या दारात जाऊन उभा राहील, या प्रश्नाकडे मात्र तितके लक्ष गेले नाही.

त्यांपैकी एक दार जबलपूरमध्ये आहे. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. उच्च न्यायालय, वीज मंडळ, रेल्वे आणि गन कॅरेज फॅक्टरीसारखे संरक्षण कारखाने यांच्या आधाराने तेथे मराठी नोकरदारांची वस्ती रुजली. पुढची पिढी पुणे, बंगळुरू आणि तेथून दुबई, सिंगापूरकडे गेली. अशा एखाद्या घराची कल्पना करावी. वडील कारखान्यातून निवृत्त, निवृत्तिवेतनावर समाधानी. मुलगा दहा वर्षे दुबईत. आता त्याने तेथील मुक्त क्षेत्रात छोटी कंपनी स्थापन करून तिच्या नावे बँकेत खाते उघडले आहे. यात बेकायदा काहीच नाही. तो अनिवासी आहे, पैसा परदेशात कमावलेला आहे, आणि १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा त्याच्या आड येत नाही. परंतु आपण प्रवासात असताना व्यवहार अडू नयेत, म्हणून तो वडिलांना कंपनीत नावापुरते भागधारक करतो आणि खात्यावर सही करण्याचा अधिकारही देतो. कागद जबलपूरला येतात. वडील न वाचता सही करतात, कारण सही मागणारा पोटचा मुलगा असतो.

त्या सहीबरोबर प्रश्नाचे स्वरूप पालटते. मुलगा अनिवासी असला तरी वडील भारताचे निवासी आहेत. परदेशी कंपनीतील हिस्सा किंवा परदेशी खात्यावर सहीचा अधिकार असलेल्या सामान्य निवासी व्यक्तीने, करपात्र उत्पन्न नसले तरी, आयकर विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. त्यातील ‘शेड्यूल एफए’ या परिशिष्टात हा तपशील द्यावा लागतो, आणि तोही आर्थिक वर्षाचा नव्हे, ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचा. खात्यातून आपल्याला दमडीही मिळाली नाही, हा येथे बचाव होत नाही. मालमत्ता खरा मालक म्हणून ‘वा अन्यथा’ धारण केलेली असली तरी तिची माहिती न देणे हा २०१५ च्या कायद्यान्वये दोष आहे आणि त्यासाठी दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. हेतुपुरस्सर लपवणूक सिद्ध झाल्यास सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. पैशाचा स्रोतच सांगता आला नाही, तर ३० टक्के कर आणि त्याच्या तिप्पट दंड. म्हणजे मालमत्तेच्या किमतीहून देणे अधिक. शिवाय हिस्सा घेताना परदेशी गुंतवणुकीचे ऑगस्ट २०२२ चे नियम पाळले होते काय, हा प्रश्न वेगळाच.

हे जबलपूरमध्ये कळणार कोणाला, असे म्हणण्याचे दिवस गेले. करविषयक माहितीच्या स्वयंचलित देवाणघेवाणीच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत संयुक्त अरब अमिरातीही आहे, आणि स्वित्झर्लंडने या व्यवस्थेखाली भारताला पहिली माहिती सप्टेंबर २०१९ मध्ये दिली. खाते कंपनीचे असले तरी तिच्यावर नियंत्रण असणाऱ्या व्यक्ती करासाठी कोणत्या देशाच्या निवासी आहेत, हे बँक विचारते. निकषात बसणारी नावे तेथील सरकारमार्फत दिल्लीत येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने अशा माहितीच्या आधारे करदात्यांना स्मरणपत्रे धाडली. त्यानंतर सुधारित वा विलंबाने भरलेल्या विवरणपत्रांतून ३०,१६१ करदात्यांनी २९,२०८ कोटी रुपयांची परदेशी मालमत्ता उघड केली. याउलट, २०१५ मध्ये स्वेच्छेने कबुली देण्यासाठी जी मुदत ठेवली होती, तीत अवघे ६४८ जण पुढे आले आणि रक्कम निघाली ४,१६४ कोटींची. निवडणूक सभांतून लाखो कोटींची भाषा झाली होती, हे लक्षात घेता हा आकडा बोलका आहे.

येथेच या कायद्याचे राजकारण आणि त्याचा व्यवहार यांची फारकत होते. ज्याला खरोखर लपवायचे आहे, तो आपले नाव कागदावर येऊ देत नाही. एका कंपनीमागे दुसरी, तिच्यामागे न्यास, आणि त्यावर भाडोत्री संचालक अशी त्याची रचना असते. स्वतःचे नाव, घरचा पत्ता आणि पॅन क्रमांक निमूटपणे लिहून देतो तो जबलपूरचा निवृत्त कर्मचारी. जाळ्यात सर्वांत आधी सापडतो तोच.

लहानांचा विचार झालाच नाही, असे नव्हे. पाच लाखांपर्यंतच्या बँक शिलकीला मूळ कायद्यातच दंडातून सूट होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर वगळता एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला ती लागू झाली. परंतु ही सवलत रकमेवर बेतलेली आहे, मालकीवर नाही. विद्यार्थी, नोकरदार यांना तिचा लाभ होतो. व्यापारी कंपनीच्या खात्यातून २० लाख रुपये आठवडाभरात ये-जा करू शकतात. ते खेळते भांडवल असते, वडिलांची संपत्ती नव्हे. म्हणून खरा लाभार्थी आणि नाममात्र सहीधारक यांत कायद्यानेच भेद करावा, दुसऱ्याने केवळ माहिती देण्याचे बंधन पाळावे आणि पहिल्या चुकीस दंडाऐवजी दुरुस्तीची संधी मिळावी, अशी दुरुस्ती संसदेने विचारात घेण्याजोगी आहे. त्याने कायद्याची धार बोथट होणार नाही. ती योग्य मानेवर पडेल.

तोवर सावधगिरी घरातूनच हवी. सेवेत असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीविना कंपनीच्या व्यवस्थापनात भाग घेता येत नाही. मुलाच्या कंपनीचे नाते त्यातून सुटका देत नाही. परदेशातून कायमचे परतणाऱ्यांना तेथे असताना मिळवलेली मालमत्ता तेथेच ठेवण्याची मुभा आहे, पण सामान्य निवासी ठरल्यावर ती विवरणपत्रात दाखवावीच लागते. ज्यांनी आधीच सही केली आहे त्यांनी ती लपवू नये. विवरणपत्रात नोंदवून सल्लागाराला दाखवावी. आणि अद्याप कागद टपालात असतील, तर दुबईच्या मुलाने तेथीलच एखादा भागीदार शोधावा. वडिलांच्या सहीत विश्वास असतो, पण कायदा तिच्यात धारणा वाचतो, आणि या दोहोंतील अंतराची किंमत आज दहा लाख रुपये आहे.