थेंब पडला तेव्हाच

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. जोहरची नमाज झाल्यावर अब्बा म्हणाले, "जानमाज ओली कशी झाली रे?" वर पाहिले तर एसीतून थेंब पडत होते. आम्ही खाली बादली ठेवली, जानमाज दोन हात सरकवली आणि विषय संपवला. त्या आळसाची किंमत पुढे चौदा हजार सहाशे रुपये झाली.

आमच्या धाराशिवकडे घरात एसी ही अलीकडची गोष्ट. आम्ही कूलरवर वाढलो. बोअरच्या जड पाण्याने पंप दर उन्हाळ्यात बसायचा, तो अब्बाच उघडून साफ करायचे. (नळदुर्गच्या किल्ल्यात आदिलशाही काळातला पाणी महाल आहे, बंधाऱ्याच्या पोटातली थंडगार खोली. त्याला ना गॅस, ना कॉम्प्रेसर!) पण अब्बांचे हृदयाचे ऑपरेशन झाले, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जाऊ लागला आणि डॉक्टरांनी उन्हाळा जपायला सांगितला. तेव्हा पतसंस्थेचे कर्ज काढून एसी घेतला. त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

थेंबांबरोबर खोलीही उशिरा थंड होऊ लागली. एक कारागीर आला, पंधरा मिनिटांत "गॅस संपलाय" म्हणून भरून गेला. अठ्ठावीसशे रुपये. पुढच्या एप्रिलला पुन्हा तेच, पुन्हा अठ्ठावीसशे. मे महिन्यात कॉम्प्रेसरच जळाला आणि त्याचे नऊ हजार झाले. अब्बा चार दिवस ओला टॉवेल अंगावर घेऊन पडून होते. त्या चार दिवसांचा हिशेब आम्ही पैशात करत नाही.

मग आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. आयटीआय करून सौदीत चार वर्षे हेच काम करून आलेला. त्याने बाहेरच्या युनिटजवळ तांब्याच्या नळीच्या जोडावर बोट फिरवले. तिथे धूळ बसून तेलकट काळा डाग पडला होता. साबणाचा फेस लावला तर बुडबुडा आला.

"सर, गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नाही. तो वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय."

एवढे साधे विज्ञान आम्हाला ठाऊक नसावे, याची लाज वाटली. गॅस बंद नळ्यांतच फिरत राहतो. तो कमी झाला की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, तो वितळून खाली ठिबकतो. जानमाजवर पडलेला थेंब तोच होता. शिवाय परत येणारा थंड गॅसच कॉम्प्रेसरला गार ठेवतो. तो पुरेसा आला नाही की कॉम्प्रेसर तापून जातो. म्हणून गळती शोधल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. जोड दुरुस्त करून, नळ्यांतली हवा व्हॅक्यूम पंपाने काढून, गॅस वजन करून भरायला सांगा. नवीन एसींत बहुधा आर-३२ गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे हे काम शिकलेल्याच माणसाकडे द्यावे.

थेंब दिसला म्हणजे दरवेळी गळतीच असते असे मात्र नाही. पुष्कळदा पाण्याची नळी चिखलाने तुंबते, किंवा जाळी धुळीने भरून हवा अडते आणि बर्फ धरतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या धुळीत जाळी पंधरा दिवसांनी धुवावीच. त्याला कारागीर लागत नाही. धाकटी मुलगी ते काम करते. बाहेरचा पंखा अडखळत फिरत असेल किंवा युनिट नुसते घुमत असेल, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. तो स्वस्त भाग. तसेच चालवत राहिले की मोटर जाते. जळका वास आला किंवा एमसीबी वारंवार पडू लागला, तर मेन स्विच बंद करून आधी माणूस बोलवा. वीज जाऊन आल्यावर निदान तीन मिनिटे थांबूनच एसी लावा.

तापमान चोवीसवर ठेवले तर यंत्रावरचा ताणही कमी होतो. २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी मुळात चोवीसवर लावूनच येतात. एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. आमच्या भाभींना हे अजून पटलेले नाही.

आता आम्ही एक थर्मामीटर आणून ठेवला आहे. एसी पंधरा मिनिटे चालला की जाळीपाशी आत जाणारी हवा आणि खालून बाहेर येणारी हवा, दोन्ही मोजायच्या. फरक साधारण आठ ते बारा अंश हवा. दुरुस्तीनंतर आमचा अकरा आला, तो वहीत लिहून ठेवला. आता दर रविवारी अब्बाच चष्मा लावून वाचतात. गेल्या आठवड्यात आठ निघाला, तेव्हा त्यांनी तिथूनच नातीला हाक मारली. जाळी धुतली, सुकवली, पुन्हा मोजले. दहा.