मारलं कुणी, हे विचारायचं नाही

रशियाचा विषय निघाला की ‘तिथल्या माणसाला खमक्या झारच लागतो’ हा शेरा ठरलेला. मला तो मान्य नाही: सत्तेला नको असलेली आठवण जपणारी माणसंही तिथलीच आहेत.

मॉस्कोच्या लुब्यांका चौकात, गुप्त पोलिसांच्या जुन्या मुख्यालयाजवळ एक धोंडा आहे. सोलोवेत्स्की बेटांवरच्या छळछावणीच्या जागेवरून आणून 30 ऑक्टोबर 1990 रोजी तो तिथे बसवला. 2007 पासून दरवर्षी 29 ऑक्टोबरला लोक तिथे रांग लावत. सकाळी दहा ते रात्री दहा. पाळी आली की हातातला कागद माइकवर वाचायचा: मारल्या गेलेल्या माणसाचं नाव, वय, कामधंदा, गोळी घातल्याची तारीख. कुणी सुतार, कुणी हिशेबनीस, कुणी पाद्री. वाचून झाल्यावर कित्येक जण आपल्या आजोबांचं नाव जोडत, आणि तिथे आवाज फुटे. स्टालिनच्या राजवटीत, 1937-38 या दोन वर्षांत सुमारे 6,80,000 माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. ती घराघरांतली माणसं होती. 2020 मध्ये करोनाचं कारण निघालं, आणि त्यानंतर चौकातलं हे वाचन पुन्हा होऊ दिलेलं नाही.

मेलेल्यांसाठी रडायला सरकारची हरकत नाही. ‘दुःखाची भिंत’ हे स्मारक 2017 मध्ये खुद्द पुतिन यांनी खुलं केलं. पण मारणारे कोण, हे तिथे कुठेच येत नाही. ‘मेमोरियल’ ही संस्था त्याच प्रश्नाला भिडली. स्टालिनच्या गुप्त पोलीस दलातल्या जवळपास 40,000 जणांची यादी 2016 मध्ये तिने सर्वांसाठी खुली केली. 28 डिसेंबर 2021 रोजी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला टाळं ठोकलं. कागदोपत्री ठपका ‘परदेशी एजंट’ कायद्याच्या भंगाचा. सरकारी वकिलाने मात्र भर कोर्टात सांगितलं, की ही संस्था सोव्हिएत संघाची दहशतवादी राज्य अशी खोटी प्रतिमा रंगवते. पुढच्याच वर्षी तिला नोबेल शांतता पुरस्कारात वाटा मिळाला.

एका यादीचं एवढं भय का? आजची रशियन सत्ता झारचा गरुड मिरवते आणि सोव्हिएत राष्ट्रगीताची चालही. राज्य अखंड आहे, महान आहे, आणि माणूस त्याच्यासाठी आहे, ही त्यामागची शिकवण. ‘चेका’ ही पहिली सोव्हिएत गुप्त पोलीस यंत्रणा 20 डिसेंबर 1917 रोजी स्थापन झाली. त्याच तारखेला आजचे सुरक्षा अधिकारी आपला दिवस साजरा करतात. तेव्हाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी 1995 मध्ये तो जाहीर केला, म्हणजे हे दुखणं एकट्या पुतिन यांचं नाही. मारेकऱ्यांची नावं मान्य केली, तर तो दिवस कोणत्या तोंडाने साजरा करणार?