चिरा बाहेर, आगीपुढे भट्टीची वीट

तारकर्ली-देवबाग रस्त्यावर नवा होमस्टे उभा राहिला की मालकाचं मागणं ठरलेलं असतं : अंगणात चूल हवी, तीही उघड्या चिऱ्याची. फोटो छान येतो. 'चुलीवरचं जेवण' हा फलक लावल्याशिवाय आमच्याकडे आता बांगडासुद्धा शिजत नाही! गवंडी म्हणून चुलीला माझी हरकत नाही. चिरा थेट जाळापुढे लावायला आणि त्याचे सांधे सिमेंटनं भरायला आहे.

चिरा म्हणजे जांभा, त्यावर माझं पोट चालतं, त्याची निंदा मी का करीन? खाणीतून निघताना मऊ, वारा-ऊन लागलं की टणक. भिंतीला या किनाऱ्यावर दुसरा दगड शोधू नये. पण तो सच्छिद्र आहे, पावसाळाभर पाणी पितो. शिवाय त्यातल्या लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या खनिजांतच पाणी बांधलेलं असतं, ते साधारण ३०० अंशांच्या आसपास सुटू लागतं. करवंट्यांचे निखारे त्याच्या कितीतरी पुढे जातात. हंगाम सुरू होताना ओल्या चिऱ्यापुढे एकदम मोठा जाळ केला, तर आत कोंडलेल्या वाफेनं कपचे उडतात, आणि फुंकणी घेऊन बसलेल्या बाईचं तोंड समोरच असतं.

सिमेंटची गत वेगळी नाही. ४०० अंश ओलांडले की त्यातला भिजलेला चुना मोडतो. पुढे ओल लागली की तोच पुन्हा फुगतो आणि सांधे भेगाळतात. मसाल्यातल्या वाळूची गारगोटी ५७३ अंशांवर अचानक फुगते, ते निराळंच. कडप्पा तर चुनखडक, त्याचे पापुद्रे सुटतात. हे सगळं ओट्यावर शोभतं, जाळाला नाही.

मग आत काय लावायचं? भट्टीची वीट, म्हणजे फायर ब्रिक : ९ इंच लांब, साडेचार रुंद, ३ जाड. ती फायरक्लेच्या पातळ गाऱ्यात बसवायची, सांधा जितका बारीक तितका चांगला. बाहेरच्या चिऱ्याला ती चिकटवू नये. तापल्यावर फुगायला मध्ये बोटभर फट ठेवावी. सुरुवातीचे काही दिवस नुसत्या चुडतांचा बारीक जाळ करून ती सुकवावी.

महाग पडते, असं मालक म्हणतात. साध्या चुलीला आतून दोनेक डझन विटा पुरतात. फलकाचा खर्च जास्त असेल. तेही परवडत नसेल तर घाटावरून येणारी पक्की भाजलेली लाल वीट मातीत लावा, किंवा सरळ जुनी चूल घाला : वारुळाची माती, भाताचं तूस, शेण. आमच्या वाडीतल्या एका आजीनं माझ्या हातातलं घमेलं बघून विचारलं होतं, "शिमीट कित्याक रे? माती घाल. मोडली तर उद्या परत लिपतलंय." आगीपुढचा थर झिजणारच, तो बाहेरची भिंत न फोडता बदलता आला पाहिजे, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा मालकांनो, फोटोपुरता चिरा बाहेर राहू दे. पर्यटक यायच्या आधी आतला सिमेंटचा गिलावा तेवढा फोडून घ्या.