खतावणी पक्की, पण माल?



उसाचे बिल बँकेत जमा झाले की हल्ली घरातली पोरं बिटकॉइनच्या गोष्टी काढतात. पोरं नवे शिकतात ते चांगलेच. पण ज्या व्यवहारात पैसा घालायचा, त्यातले शब्द आधी कळले पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ब्लॉकचेन म्हणजे एक खतावणी. ती एका कारकुनाच्या टेबलावर नसते. तिची नक्कल हजारो संगणकांवर असते. व्यवहारांचे एक पान भरले की झाला ब्लॉक. प्रत्येक पानावर आधीच्या पानाची खूण असते, तिला हॅश म्हणतात. मागचा आकडा कुणी खोडला, की पुढच्या साऱ्या खुणा चुकतात आणि लबाडी उघडी पडते. बिटकॉइनची खतावणी सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या कर्त्याने ३ जानेवारी २००९ रोजी सुरू केली.

मायनिंग म्हणजे खाणकाम नव्हे. वीज जाळून संगणकाने कोडे सोडवायचे, नवे पान जोडायचे आणि बक्षिसात नवी नाणी घ्यायची. एकूण नाणी २ कोटी १० लाखांवर जायची नाहीत, असा नियम आहे. वॉलेट म्हणजे पाकीट, पण त्यात नाणी नसून किल्ली, म्हणजे एक गुप्त आकडा असतो. तो हरवला की पैसा गेलाच म्हणायचा. एक्स्चेंज ही खरेदी-विक्रीची पेढी. तिथे किल्ली बहुधा पेढीच्याच हाती. बहामातली एफटीएक्स ही बडी पेढी नोव्हेंबर २०२२ मध्ये बुडाली आणि गिऱ्हाइकांचे पैसे अडकले.

आता मुद्द्याचे. खतावणी पक्की म्हणून माल पक्का ठरत नाही. काट्याची पावती बिनचूक असली, तरी साखरेचा भाव ती ठरवत नाही. शिवाय फसवणुकीचा व्यवहारही या खतावणीत तितकाच पक्का नोंदतो. तो फिरवायला इथे ना सर्वसाधारण सभा, ना साखर आयुक्त. गेनबिटकॉइन प्रकरणात दरमहा १० टक्क्यांचे आमिष होते. २०१८ साली पुणे पोलिसांनी अटका केल्या. तिथे खतावणी फुटली नव्हती, माणसं फसली होती. सरकारने १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लावला. पण कर म्हणजे हमी नव्हे.

तेव्हा खात्रीचा परतावा सांगणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा. किल्ली कुणाच्या हाती? बुडाले तर दाद कुणाकडे मागायची? सरळ उत्तर मिळेपर्यंत उसाचे बिल सोसायटीच्या कर्जाला, बेण्याला आणि ठिबकला राहू द्या.